एक, तीन, चार, दोन

अंकलीच्या पुलावर तिनं पहिली उचकी दिली.
चढ नव्हता, ओझं नव्हतं,
शेजारच्या सीटवर फक्त एक कलिंगड.

कुपवाडच्या शेडमध्ये दस्तगीर शिकलगारनं बॉनेट पुढं उलटवलं.
"सगळं तोंडच उघडतंय की हिचं."
मग बराच वेळ नुसता उभा राहिला, मान तिरकी करून.
"मिसिंग मारतीया. तीनावर चाललीया."
कोणतं बंद आहे ते तुला ऐकून कळत असेल, मी म्हणालो.
"कान फकस्त सांगतो, रोग हाय.
कुठं हाय ते हातानं बघाय लागतं."

इंजिन चालू. हातात बायकोचा
भांडी घासायचा गुलाबी रबरी मोजा.
एकेका प्लगची टोपी उपसायची, परत बसवायची.
पहिली काढली : इंजिन खचलं, थरथरलं.
दुसरी : तसंच.
चौथी : बंदच पडत होतं.
तिसरी काढली
आणि काहीच झालं नाही.

"ह्यो बघा.
काढल्यावर ज्याचा काय फरक पडत न्हाई, त्यो."

मी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला.
मार्केट यार्डातल्या आमच्या हळदीच्या अडतीतून
हिस्सा घेऊन मी बाहेर पडलो, त्या सोमवारी
सौदे वेळेवरच निघाले होते.
थोरल्यानं पोत्यात हात घातला, हळकुंड मोडून बघितलं,
हमाल त्याच सुरात वजनं बोलत राहिले.
त्या पैशातून ही आणली, कागवाडच्या एका गोठ्यातून,
सदुसष्टची स्पिटफायर, लाल, दोनच माणसांची.
म्हशीशेजारी उभी होती, सीटवर कोंबडी उबवणीला बसलेली.
घरी खरी किंमत अजून सांगितलेली नाही.

तिसरा प्लग निघाला काळा, ओलाकच्च,
न जळलेल्या पेट्रोलचा वास.
बाकीचे तिघे भाकरीच्या पापुद्र्यासारखे खरपूस.
प्लगांची अदलाबदल केली : रोग तिसऱ्यातच राहिला.
भोकावर अंगठा धरून स्टार्टर मारला :
"दाब हाय. जीव हाय."
पॉइंट घासले, फटीत गेजची पाती सरकवली.
डिस्ट्रीब्युटरची टोपी पालथी करून उजेडात फिरवली, तडा नाही.
इरगोंडा, त्याचा हाताखालचा पोरगा, म्हणाला,
कॉइल बदलून बघूया का?
"पैसं टाकून रोग शोधायचा नसतो, इऱ्या."

साडेसातला वीज गेली.
लेथ थांबले, पलीकडच्या फौंड्रीचा पंखा घरघरत निवला,
अख्ख्या गल्लीत एकटी हीच लंगडत चालू राहिली.
इरगोंडानं मोबाइल काढला.
"लावू नगंस," दस्तगीर म्हणाला. "तिकडं बघ."

तिसऱ्या वायरीच्या कुशीतून,
ती लोखंडाला टेकते तिथं,
केसाएवढी निळी रेघ उडी मारत होती.
टिक्. टिक्. टिक्.

म्हणजे ठिणगी होती.
आपल्या पाळीला निघत होती,
एकाच्या मागून, चाराच्या आधी,
आणि वाटेतच सांडत होती.

किती वेळ आम्ही तिघं तसेच वाकून होतो, माहीत नाही.
वीज आली तेव्हा रेघ दिसेनाशी झाली.
आवाज तसाच.

वायर बसवली अ‍ॅम्बॅसॅडरची, वीतभर जास्त लांब,
दोऱ्यानं बांधून टाकली.
एक, तीन, चार, दोन.
इरगोंडा बोटांवर मोजत होता, चुकत होता.
वायरीचे दीडशे घेतले. मजुरी विचारली,
तर दस्तगीर म्हणाला, ते कलिंगड कापा की.
कापलं. गाभा पांढरटच निघाला,
तरी बिया थुंकत सगळं संपवलं.

विश्रामबागपर्यंत ती छान आली.
ठरवलं होतं, आज घरी किंमत सांगून टाकायची.
रेल्वेच्या पुलाखाली पुन्हा एकदा काहीतरी अडखळलं,
की रस्ताच तसा होता.